हंसाबाईचा एकच फोटो

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटत असेल तर इथंच सोडून द्या. वाचा म्हणून मी कोणाच्या पाया पडत नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. घाटंजीला राहतो. आजही दुपारचे बारा वाजायला आले की दुकानाचं शटर खाली ओढतो आणि घरी जाऊन पोरीजवळ बसतो.

आणि रात्रीची वाट पाहू नका. यात रात्र नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही.

जे झालं ते गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, भर दुपारी झालं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात बारा ते तीन रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. रात्री निदान चौकीदार तरी फिरतो.

भावाचं नाव घनश्याम. पोरीच्या नावानं त्यानं दुकान काढलं, 'खुशी डिजिटल फोटो'. बस स्टँडकडून येताना काचेच्या आत मोठा टीव्ही लावलेला दिसायचा. त्यावर दिवसभर फोटो फिरायचे. नवरदेव-नवरी, बारशी, वाढदिवस. आणि मधूनमधून त्याच्या आईचा फोटो. आई म्हणजे माझी तानामावशी. जाऊन चार वर्षं झाली. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, हातात कप, कशाला तरी हसते आहे.

मी एकदा म्हटलं होतं, "अरे, मावशीचा एक फोटो काढून भिंतीवर लाव ना."

तर मलाच हसला. "कागद पिवळा पडते रे. हा नाही पडत. माही माय रोज दुकानात येते, तुही माय येते का?"

त्याला फार गर्व होता. एक डिस्क दुकानात, तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, घरी, गव्हाच्या कोठीत. घरचे फोटो वरून मोबाइलच्या खात्यावरही चढवलेले. "दुकान जळलं तरी लगन जळत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक खूश व्हायचं.

पण खरं सांगू?

ते वाक्य अर्धं खोटं होतं.

एका लग्नात चार-पाच हजार फोटो निघतात. घरचे लोक त्यातले अडीचशे निवडतात. त्याचा अल्बम होतो. बाकीचे सगळे एका फोल्डरमध्ये जातात. त्या फोल्डरचं नाव 'वेस्ट'.

वेस्टमध्ये कोण असतं माहीत आहे? चुलीपाशी घामानं निथळणाऱ्या बाया. पत्रावळी उचलणारा माणूस. डोळे मिटलेला म्हातारा. अल्बममध्ये नवरदेवाच्या साहेबाचे आठ फोटो असतात आणि नवरदेवाला ज्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं ते वेस्टमध्ये पडलेले असतात. कोणाची चूक नाही म्हणतात. चूक आहे. सगळ्यांची आहे.

डिस्क भरली की घनश्याम वेस्ट उडवायचा. आधी दुकानातलं. मग घरच्या डिस्कवरचंही.

शिफ्ट धरून डिलीट.

कोणालाही न विचारता.

*

तीन वर्षांपूर्वी त्यानं एका बंजारा तांड्यावर लग्नाचे फोटो काढले होते. तांडा घाटंजीपासून बारा-तेरा किलोमीटर. नाव सांगत नाही, लोक अजून तिथंच राहतात. नेमसिंगच्या पोराचं, संजयचं लग्न. नेमसिंगची आई हंसाबाई तेव्हा ऐंशीच्या पुढची. जुन्या वेशातली तांड्यावरची शेवटची बाई. आरसे जडवलेली काचळी, म्हणजे चोळी, ओढणीच्या काठाला जुन्या रुपयांची नाणी. चालली की छन् छन् वाजायची.

मोबाइलवाल्या पोरांना ती जवळ येऊ द्यायची नाही. "त्या चपट्या डबीत मी नाही मावत," म्हणायची.

पण घनश्यामचा मोठा कॅमेरा पाहिला आणि तिनं त्याला हाताला धरून लिंबाखाली नेलं. तिथं सुंभाची बाज होती. बाजेवर बसली. ओढणी नीट केली.

"बापू, माहा एक काढ. एकटीचा."

इकडे नवरदेव ताटकळत होता, तिकडे डीजेवाला बोंबलत होता. घनश्यामनं कॅमेरा उचलला, बटण दाबलं.

एकदाच.

"आला का?" तिनं विचारलं.

"आला, आजी. मस्त आला."

"ठेवजो मंग. मी मेली का हाच लावतीन. लेकराईले नाही सापडला तं मी घ्याले येईन."

आजूबाजूच्या बाया हसल्या. घनश्यामही हसला. "या ना आजी, दुकान तुमचंच आहे."

तो फोटो कोणी अल्बमसाठी निवडला नाही.

आणि त्या मे महिन्याआधीच्या दिवाळीत डिस्क भरली.

*

मे महिन्यात नेमसिंग दुकानात आला. डोकं भादरलेलं. सोबत त्याची बायको लालीबाई.

"भाऊ, याडी गेली," तो म्हणाला. याडी म्हणजे आई. "लिंबाखालचा तिचा फोटो तुमच्यापाशी हाय. मोठा करून द्या. चार दिवसांनी तेरवी हाय."

आपल्याकडे तेरवीला फोटो लागतोच. हार कशाला घालणार? नैवेद्य कशापुढे ठेवणार?

घनश्यामनं कॉम्प्युटर लावला. लग्न सापडलं. अल्बमचे अडीचशे सापडले. त्यात हंसाबाई एका ठिकाणी होती, मागच्या रांगेत, तोंडावर ओढणी.

वेस्ट... नव्हतं.

त्यानं पुन्हा एकदा शोधलं. नव्हतंच. पण तोंडातून काय निघालं?

"आहे ना नेमसिंगभाऊ. घरच्या डिस्कमध्ये आहे. परवा घेऊन जा."

लालीबाई म्हणाली, "नक्की हाय ना, भाऊ? दुसरा एकबी नाही आमच्यापाशी. आधार कारडावरची याडी तं चोरावाणी दिसते."

"अहो वहिनी, दुकान जळलं तरी लगन जळत नाही!"

घरी जाऊन त्यानं गव्हाची कोठी उपसली. त्या डिस्कवरही नव्हतं. उडालेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी एकच तुकडा निघाला. वर लिंबाची पानं... आणि खाली सगळा राखाडी पट्टा.

तेव्हाच जाऊन खरं बोलायचं होतं. शिव्या खायच्या होत्या, दोन थपडा खायच्या होत्या. विषय संपला असता.

त्यानं काय केलं?

फ्रेमवर नाव-तारीख टाकायला म्हणून नेमसिंगकडून आधार कार्ड मागवलं आणि त्यावरचा अंगठ्याएवढा चेहरा घेतला. दुसऱ्या लग्नातल्या कोणा म्हातारीचे डोळे घेतले. तिसरीचं कपाळ. आजकाल कॉम्प्युटर हवा तसा चेहरा बनवून देतो, त्यानं बाकीचं भरलं. काचळी, ओढणी, मागं लिंब. सोनेरी फ्रेम.

नेमसिंग न्यायला आला. फ्रेम हातात धरून खूप वेळ पाहत राहिला.

"डोळे..." म्हणाला.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही." त्यानं फ्रेम धोतरानं पुसली आणि काखेत मारून निघाला.

घनश्यामला वाटलं, सुटलो.

*

तेरवीच्या दिवशी दुपारी घनश्याम दुकानात एकटाच होता. शटर अर्धं खाली. कूलर घरघर करत होता. बाहेर रस्ता पांढराफटक.

लाइट गेली. कूलर थांबला.

इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर आणि टीव्ही सुरू राहिले.

एकदम शांत झालं. इतकं शांत की डिस्कचा आवाज यायला लागला.

टक... टक... टक...

आणि मग दुसरा आवाज.

छन्...

त्यानं मान वर केली. शटरखालून रस्ता दिसत होता. कोणी नव्हतं.

छन्... छन्...

तेवढ्यात त्याला छतावर काहीतरी दिसलं. उजेडाचे ठिपके. बोटाच्या पेराएवढे, पंचवीस-तीस. आरशावर ऊन पडलं की पडतात तसे. हळूहळू सरकत होते. छतावरून भिंतीवर... भिंतीवरून काउंटरवर...

दुकानात कुठंच ऊन नव्हतं.

ठिपके काउंटरवर येऊन थांबले. जणू कोणी पलीकडे उभं राहिलं आणि वाट पाहू लागलं.

घनश्याम ठिपक्यांकडे पाहत बसला. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग लाइट आली, कूलर दणकन सुरू झाला, आणि ठिपके गेले.

टीव्हीवर फोटो फिरत होते. त्याच्या आईचा फोटो आला.

लाल प्लास्टिकची खुर्ची आली.

मागची भिंत आली, कॅलेंडर आलं, खुर्चीजवळचा चपलांचा जोडही आला.

आई नव्हती.

तो धडपडत कॉम्प्युटरपाशी गेला. आईचे एकशे बारा फोटो होते. एकशे बाराही उघडले. शेतात तूर सोंगताना नुसती तूर. कळंबच्या चिंतामणीपुढे नुसती पायरी. खुशीच्या बारशाला पाळण्याच्या दोरीला धरलेलं... कोणीच नाही. दोरी मात्र ताणलेली.

घरची डिस्क पाहिली. तेच. मोबाइलवर पाहिलं. तेच.

"अर्पिता," त्यानं बायकोला विचारलं, "मायच्या गालावर तीळ होता ना? कोणत्या गालावर वो?"

अर्पिता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"उजव्या... नाही. थांबा. डाव्या..." ती त्याच्याकडे पाहत राहिली. "तीळ होता काय?"

घनश्यामनं डोळे मिटले. आईला आठवायचा प्रयत्न केला. कप आठवला. खुर्ची आठवली. हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या.

चेहरा... आठवला नाही.

ज्या बाईनं त्याला बत्तीस वर्षं हातानं जेवू घातलं, तिचा चेहरा त्याला आठवला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे वडील गेले, म्हणजे फोटोतून गेले. तिसऱ्या दिवशी त्याची आत्या. रोज दुपारी तेच. छन्... ठिपके... काउंटरवर येऊन थांबणं. मग एक माणूस कमी.

त्यानं टीव्हीची वायर काढली. फरक पडला नाही. दुपारी दुकान बंद ठेवून घरीच थांबला.

तर ठिपके घरी आले.

त्या दिवशी अर्पितानं जेवायला ताटं घेतली. एक घनश्यामचं. एक स्वतःचं. भात वाढला, वरण वाढलं, आणि ती जेवायला बसली.

आठ वर्षांची खुशी दारात उभी होती.

"आई, माझं ताट?"

अर्पितानं वर पाहिलं. पोरीकडे पाहिलं. पण शेजारचं कोणाचं लेकरू दारात येऊन उभं राहावं ना... तसं पाहिलं.

"कोणाची वो तू?" ती म्हणाली.

एक क्षण. फक्त एक क्षण. मग ती दचकली, ताट लोटून उठली, पोरीला कवटाळून हमसाहमशी रडायला लागली. "मले काय होऊन राह्यलं जी? मले काय होऊन राह्यलं?"

घनश्यामनं मोबाइल उघडला. खुशीचा वाढदिवस. केकवर मेणबत्त्या. मेणबत्तीमागं फ्रॉक होता. हात होते.

मानेच्या वर... राखाडी पट्टा.

त्यानं चप्पलही घातली नाही. गाडीला किक मारली. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बारा-तेरा किलोमीटर.

*

तांडा झोपल्यासारखा पडला होता. नेमसिंग ओट्यावर बसला होता. घनश्याम गाडीवरून उतरला तो थेट त्याच्या पायाशी.

"नेमसिंगभाऊ, तो फोटो खोटा आहे. तुमच्या आईचा नाही तो. मी बनवला. खरा मीच उडवला, जागा पाहिजे म्हणून. माह्या पोरीले सोडायले सांगा. पाया पडतो."

त्याला वाटलं, आता मार पडणार.

नेमसिंग हलला नाही. "मले मालूम होतं," म्हणाला.

"मालूम होतं? मंग... मंग काहून नेला?"

"तेरवीले शंभर माणूस येणार होतं. भिंत रिकामी कशी ठेवू? याडीले कोणीच नाही असं दिसलं असतं." त्यानं आत भिंतीकडे बोट केलं. "पण तुमच्या त्या फोटोनं काय केलं, मालूम हाय काय? मी रोज त्याले हात जोडतो, आन् रोज माही खरी याडी पुसट होते. आता डोये मिटले तं मले तुमचीच बाई दिसते. फोटोवाले, तुम्ही माही माय दोनदा मारली."

आतून लालीबाई आली. तिनं घनश्यामकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाली, "बारा वाजून गेले. बाज वाजून राह्यली पाह्य."

घनश्यामनं ऐकलं.

अंगणात लिंब होता. त्याच्याखाली तीच बाज. वाऱ्याची झुळूक नव्हती, पान हलत नव्हतं.

कर्रर्र...

कोणीतरी हळूच बसावं तशी.

"रोज वाजते," लालीबाई म्हणाली. "आमी तिकडं पाह्यत नाही."

नेमसिंग उठला. त्यानं भिंतीवरची सोनेरी फ्रेम काढली, आतला फोटो ओढून चुलीत टाकला. रिकामी फ्रेम घेऊन बाहेर आला.

"तुम्ही तिले पाह्यलं होतं ना, फोटो काढताना? सांगा मले. कशी बसली होती? हसत होती काय? माह्या डोयातून गेली, तुमच्या डोयात असन. तुम्हीच सांगा."

घनश्यामनं तोंड उघडलं.

डीजेचा आवाज आठवला, ताटकळलेला नवरदेव आठवला.

त्यानं पाहिलंच नव्हतं. बटण दाबलं होतं फक्त.

"नाही पाह्यलं, भाऊ," तो म्हणाला. "खरं सांगतो. नाही पाह्यलं."

नेमसिंगनं रिकामी फ्रेम ओट्यावर ठेवली.

"मंग आता पाह्य," नेमसिंग म्हणाला. "जिथं बसली होती तिथलाच काढ. काय येते ते येऊ दे. पण पाहून काढ."

कॅमेऱ्याची बॅग गाडीला लटकलेलीच असायची. घनश्याम लिंबाखाली गेला. गुडघ्यावर बसला. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी त्यानं नुसत्या डोळ्यांनी बाजेकडे पाहिलं.

पाहतच राहिला.

छन्...

त्याच्या पांढऱ्या शर्टावर ठिपके आले. छातीवर, मग गळ्यावर, मग तोंडावर. डोळे दिपले. पण त्यानं मिटले नाहीत.

काय दिसलं?

हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नाही. मला नाही. अर्पिताला नाही.

त्यानं बटण दाबलं. एकदाच.

"आला का?" कोणीतरी विचारलं.

घनश्याम वळला. "आला," म्हणाला.

नेमसिंग आणि लालीबाई ओट्यावर उभे होते, वीस हात दूर. दोघांची तोंडं बंद होती.

*

तो फोटो मी पाहिला आहे. तांड्यावर जाऊन पाहिला. सोनेरी फ्रेम, झेंडूचा हार. लिंब, आणि त्याखाली रिकामी बाज. बाजेवर कोणी नाही.

पण सुंभ मधोमध खोलगट दबलेला आहे.

कोणी बसल्यावर दबतो तसा.

खुशी फोटोंमध्ये आहे. चांगली आहे, तिसरीत गेली. अर्पिता अजून ताटं घेताना मोठ्यानं मोजते. एक, दोन, तीन. तानामावशी मात्र परत आली नाही, घनश्यामचे वडील आणि आत्याही आले नाहीत. लाल खुर्ची रिकामीच आहे. मावशी कशी दिसायची ते आम्हां कोणालाच सांगता येत नाही, आणि मी तिच्या घरी सुट्ट्या काढल्या आहेत.

घनश्याम आता सगळे फोटो कागदावर काढतो. खुशीचे तर ढीग लावले आहेत. "कागदावरचं जात नाही," म्हणतो.

मी त्याला विचारलं होतं, "आतापर्यंत किती लग्नांचं वेस्ट उडवलं?"

"दोनशे असतीन."

"आणि त्यांतला कोणी आला तर? हंसाबाईसारखा?"

त्यानं घड्याळ पाहिलं. दुकानाचं शटर खाली ओढलं. पावणेबारा झाले होते.

आता माझं सांगतो आणि थांबतो. माझ्या लग्नाचे फोटो घनश्यामनंच काढले होते, दोन हजार एकोणीसला. मागच्या आठवड्यात मी अल्बम काढला. आमच्या घरच्या लोकांचा एक फोटो आहे, दोन रांगांचा. मागच्या रांगेत काका आणि आत्या यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली आहे. बाकी सगळे चिकटून उभे. काकांचा उजवा हात त्या जागेवर उचललेला आहे, हवेत, खांद्यावर ठेवावा तसा.

आईला दाखवलं. म्हटलं, "इथं कोण होतं?"

"कोणी नव्हतं रे," ती म्हणाली. मग अल्बम मांडीवर घेऊन ती त्या जागेकडे पाहत बसली. पाहता पाहता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"कायले रडून राह्यली, आई?"

"मालूम नाही," म्हणाली. "काय मालूम, बापा."

आणि हा अल्बम कागदाचा आहे.